सात हजार चारशेचा चाकू

निमेशने किंमत सांगितली तेव्हा ताकसांड्यांना वाटलं, तो शेजारच्या प्रेशर कुकरबद्दल बोलतोय.

"कुकरचं नाही हो, चाकूचं विचारतोय."

"चाकूचंच सांगतो ना साहेब. पाच हजार सहाशे. कुकर अडीच हजाराला आहे. देऊ?"

बोरिवली पश्चिमेला निमेशचं भांड्यांचं जुनं दुकान आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी याच दुकानात, निमेशच्या वडिलांकडून, शिवदास ताकसांड्यांनी लाल मुठीचा परदेशी घडीचा चाकू चारशे पंचवीस रुपयांना घेतला होता. मुठीत अकरा अवजारं. मोठं पातं, छोटं पातं, कात्री, करवत, चिमटा वगैरे, आणि एक आकडा. आकड्याचा उपयोग माहितीपत्रकात दिला होता, पण तो ताकसांड्यांना कधीच पटला नाही. गेल्या आठवड्यात या चाकूचं मोठं पातं मोडलं. ते का मोडलं याबद्दल घरात दोन मतं होती. ताकसांड्यांच्या मते पोलाद थकलं होतं. त्यांच्या पत्नी मीराताई यांच्या मते खिडकीची जाम झालेली जाळी चाकूने उचकटू नये, एवढी अक्कल त्रेपन्नाव्या वर्षी माणसाला असायला हवी.

आता कुणी म्हणेल, चाकू मोडला तर मोडला, त्यात काय एवढं? तर त्यात असं होतं की ताकसांडे एका विमा कंपनीच्या कांदिवली शाखेत सीनियर असिस्टंट होते आणि त्यांच्या सहीवाचून अडेल असं एकही काम त्या शाखेत नव्हतं. मात्र त्यांच्या चाकूवाचून अडायचं. पार्सल आलं, बोलवा ताकसांड्यांना. चष्म्याचा स्क्रू सैल झाला, बोलवा ताकसांड्यांना. कॉम्प्युटर बंद पडला तरी लोक आधी त्यांच्याकडे यायचे आणि मग आयटीवाल्याला फोन करायचे. शाखाधिकारी गार्गी मॅडम त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. पण दिवसातून एकदा तरी केबिनमधून हाक यायची, "ताकसांडे, जरा चाकू घेऊन या ना." त्या 'या ना'वर ताकसांड्यांचा दिवस निघायचा. चाकू मोडल्यानंतर चौथ्या दिवशी मॅडमनी एक पार्सल घराच्या किल्लीने फोडलं. ताकसांडे समोरच उभे होते. त्यांच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी ते निमेशकडे गेले होते.

"पाच हजार सहाशे म्हणजे फारच झाले हो," ते म्हणाले.

"युरो वाढला साहेब. भाडं वाढलं, स्टील वाढलं. माझ्या हातात काय आहे? मी स्वतः घरी पस्तीस रुपयेवाला चाकू वापरतो."

"विचार करून येतो."

"करा ना. पण लवकर करा. चाकू आहे साहेब, शेअर नाही. खाली नाही येणार."

विचार करायचा म्हणजे चारकोपच्या सोसायटीत तो एकट्याने करता येत नाही. लिफ्टमध्येच सेक्रेटरी केळुसकर भेटले. देवदत्त केळुसकर म्हणजे बंदर खात्यातून निवृत्त झालेला माणूस. निवृत्तीनंतर त्यांनी सोसायटीतल्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवायला घेतली होती, कुंड्यांसकट.

"चाकू? पाच हजाराचो?" केळुसकरांनी लिफ्टचं बटण दाबून दार उघडंच धरलं. "ताकसांडे, तुमका सांगतंय, एवढ्या पैशात आमच्या मालवणात लोहार तुमका तलवार करून देईल."

"मला तलवार नकोय."

"तां बराच आसा. तलवारीक लायसन लागता. चाकवाक लागता काय, तां बघूक व्हया. पात्याची लांबी किती?"

ताकसांड्यांनी बोटांनी दाखवली. केळुसकरांनी खिशातून छोटी डायरी काढून काहीतरी लिहून घेतलं. तेवढ्यात लिफ्ट कुरकुरायला लागली, म्हणून चर्चा तिथेच थांबली.

घरी तेजलने, म्हणजे ताकसांड्यांच्या मुलीने, वेगळ्याच बाजूने विषय घेतला. ती एका म्युच्युअल फंडाच्या कचेरीत नोकरीला होती आणि कुठलीही वस्तू बघितली की आधी तिचा परतावा काढायची.

"बाबा, चारशे पंचवीसचे पाच हजार सहाशे झाले. म्हणजे वर्षाला दहा टक्के. एफडीपेक्षा भारी आहे यार! तुमची चूक एकच झाली. तुम्ही एकच घेतलात."

"म्हणजे?"

"तेव्हा शंभर घेऊन ठेवले असते ना, तर आज..."

"तेव्हा चारशे पंचवीस जमवायला मला दोन महिने लागले होते."

मीराताई महापालिकेच्या दवाखान्यात सिस्टर. दिवसभर माणसांच्या खऱ्या जखमा बघून आलेल्या. त्यांना या चर्चेचा लवकर कंटाळा आला. "अहो, घ्यायचा तर घ्या. नाही तर सोडून द्या. चाकूवाचून तुमचं तोंड असं किती दिवस बघायचं आम्ही?"

इतका सरळ सल्ला मिळाल्यावर माणूस गोंधळतोच. ताकसांड्यांनी आणखी तीन आठवडे विचार केला. मग निमेशकडे गेले. तेव्हा किंमत सहा हजार तीनशे झाली होती.

"सातशे रुपये? तीन आठवड्यांत?"

"मी बोललो होतो," निमेश म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं, पण फार नव्हतं.

ताकसांडे रागारागाने परत आले आणि त्यांनी जाहीर केलं की तत्त्व म्हणून एक दमडी जास्त देणार नाही. तेजलने तिथल्या तिथे मोबाइल काढला आणि दोनशे एकोणपन्नास रुपयांत घडीचा चाकू मागवला. अकरा नाही, अठरा अवजारं. शिवाय होकायंत्र फुकट. "बाबा, काम एकच ना? कापायचं. मग?"

या युक्तिवादाचं उत्तर रविवारी संध्याकाळी मिळालं.

सेक्टरच्या मार्केटमधून त्यांनी पाव किलो पेरू घेतले आणि बागेतल्या बाकावर बसून नव्या चाकूचं उद्घाटन करायचं ठरवलं. पातं उघडायला फार जोर लागला. उघडलं, पेरूही कापला, बरा कापला. मात्र पातं परत मिटेना. ताकसांड्यांनी अंगठ्याने दाबलं, बाकाच्या कडेवर टेकवून दाबलं, दोन्ही गुडघ्यांत धरून दाबलं. त्या खटपटीत कात्री आपोआप बाहेर आली आणि तीही आत जाईना. मग बूच काढायचा स्क्रू. पाच मिनिटांत चाकू हातात असा फुलला की तो कुठून धरावा हेच कळेना.

चाकू टाकून द्यायचा, तर बागेत मुलं खेळत होती. खिशात घालायचा, तर खिसा आणि त्यामागची मांडी दोन्ही आपलीच. रुमालात गुंडाळला, तर पातं रुमालातून बाहेर आलं. शेवटी ताकसांड्यांनी तो पोटाशी धरला, मान खाली घातली आणि घराकडे चालायला लागले.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता चारकोपच्या मार्केटमध्ये चालायला जागा नसते. त्या दिवशी ताकसांड्यांना होती. त्यांच्यापुढची गर्दी आपोआप दोन बाजूंना होत होती. नेहमीच्या शहाळेवाल्याने आपल्या कोयत्यावर हात ठेवला. कोळंबीचे वाटे लावून बसलेल्या सखुबाईंनी मात्र चाकूकडे नीट निरखून बघितलं आणि ओरडून विचारलं, "कनचा मावरा कापाला निंगालास रं त्या खेलन्यान?" त्यावर सगळं मार्केट हसलं. ताकसांड्यांना ते हसणं जास्त लागलं की लोकांचं घाबरणं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात मोटारसायकलवरचे दोन पोलीस आले.

चौकीत हवालदारांनी समोर बसवलं.

"नाव?"

"शिवदास ताकसांडे."

"काय करता?"

"विमा."

"हे कशासाठी घेऊन फिरताय?"

"पेरू."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "पेरूवर हल्ला करायला?"

"बंद होत नाहीये साहेब. बंद झाला असता तर खिशात असता."

"म्हणजे खिशात लपवणार होता?"

ताकसांड्यांच्या लक्षात आलं की खरं बोलून आपली बाजू सुधारत नाहीये. हवालदारांनी चाकू हातात घेतला आणि स्वतःच मिटायचा प्रयत्न केला. नाही मिटला. दुसऱ्याने करून बघितला. मग आतल्या खोलीतून फौजदार आले. त्यांनी "आण इकडे" म्हणून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पातं अडकवून दाबलं. टक्कन आवाज आला, होकायंत्र उडून जमिनीवर पडलं आणि पातं होतं तसंच राहिलं. यानंतर मात्र चौकीतलं वातावरण बदललं. या माणसाचा गुन्ह्याचा इरादा नसून त्याला कुणीतरी फसवलंय, याबद्दल सगळ्यांचं एकमत झालं.

"कितीला घेतला?" फौजदारांनी विचारलं.

"दोनशे एकोणपन्नास."

"मग बरोबर आहे," फौजदार म्हणाले. "ओळखीचं कुणी असेल तर बोलवा आणि जा."

ओळखीचं म्हणून केळुसकर आले, डायरी घेऊन. त्यांनी ताकसांड्यांच्या सच्छील वागणुकीबद्दल इतकं भरभरून सांगितलं की फौजदारांना पुन्हा संशय यायला लागला. चाकू चौकीतच राहिला. कागदावर 'चाकू नग एक, उघडा' अशी नोंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना माहीत होतं की ताकसांड्यांना केळुसकरांनी सोडवून आणलं. कशातून, ते केळुसकर सांगत नसत. नुसती मान हलवत. त्यामुळे ज्याने त्याने आपापल्या कुवतीप्रमाणे गुन्हा ठरवून घेतला.

मंगळवारी ताकसांडे निमेशच्या दुकानात जाऊन उभे राहिले. किंमत विचारली नाही. नुसतं "द्या" म्हणाले. निमेशनेच चांगुलपणाने सांगितलं, "साहेब, नवीन माल आहे. सात हजार चारशे."

ताकसांड्यांनी कार्ड पुढे केलं. त्यांनी घासाघीस केली नाही, हे निमेशने पुढे बऱ्याच गिऱ्हाइकांना सांगितलं म्हणे.

चाकू सुंदर होता. पातं उघडताना अगदी बारीक, भारदस्त 'टक' असा आवाज यायचा आणि मिटताना त्याहून भारदस्त. पहिली संध्याकाळ ताकसांडे नुसतं उघडमिट करत बसले. मीराताई एकदाच म्हणाल्या, "घेतलात ना? आता वापरा." तेजलने हिशोब करून दिला. जुन्यासारखा सत्तावीस वर्षं टिकला तर रोजचे पंचाहत्तर पैसे.

"सत्तावीस वर्षांनी मी ऐंशीचा असेन," ताकसांडे म्हणाले.

"म्हणूनच बाबा, आत्तापासून वापरा. न वापरलेला दिवस म्हणजे पंचाहत्तर पैसे लॉस."

पण वापरायचा कशावर? हा प्रश्न ताकसांड्यांनी पूर्वी स्वतःला कधी विचारला नव्हता. चारशे पंचवीसच्या चाकूने त्यांनी सुतळी, पुठ्ठा, वायर, फणस, काहीही कापलं होतं. सात हजार चारशेच्या चाकूसमोर मात्र प्रत्येक वस्तू त्यांना हलकी वाटायला लागली. पार्सलवरच्या चिकटपट्टीचा गोंद पात्याला लागतो. लिंबाने डाग पडतो. सुतळीत वाळूचे कण असतात. शेवटी सफरचंद त्यातल्या त्यात योग्य ठरलं. पण सफरचंद दोनशे वीस रुपये किलो होतं.

ऑफिसात त्यांनी चाकू नेला, तेव्हा सगळे कौतुकाने गोळा झाले. गार्गी मॅडमनी स्वतः केबिनमधून बाहेर येऊन तो हातात घेतला. ताकसांड्यांच्या छातीत काहीतरी परत जागेवर बसलं. योगायोगाने त्याच दिवशी मॅडमचा वाढदिवस होता. केक आला, प्लॅस्टिकची सुरी तुटली आणि पाचसहा आठवड्यांनी पुन्हा एकदा ती हाक आली. "ताकसांडे, चाकू द्या ना!"

ताकसांड्यांनी चाकू काढला. केककडे बघितलं. चॉकलेटचा होता, वरून साखरेचा पाक. तो पाक सांध्यात गेला की मुंग्या, गंज आणि मग ते 'टक' कायमचं गेलं.

"मॅडम," ते म्हणाले, "हा तसा फळांसाठी आहे."

मॅडमनी किल्लीने केक कापला. कापताना त्या हसत होत्या, पण त्यानंतर त्यांनी ताकसांड्यांना चाकू मागितला नाही. तोंडातून गेलेलं ते वाक्य ताकसांड्यांनी घरी जाताना वेगवेगळ्या प्रकारे बदलून बघितलं. कुठल्याच प्रकारे ते बरं वाटेना.

त्यातच कांदिवलीची शाखा, गार्गी मॅडमसकट, मरोळच्या मोठ्या कचेरीत विलीन झाली. कांदिवलीला ते शेअर रिक्षाने जायचे. मरोळला जायला मेट्रो सोयीची. पहिल्याच दिवशी स्टेशनवर त्यांची बॅग मशीनमधून गेली आणि परत मागे आली. तपासणीला एक तरुण मुलगी होती. छातीवरच्या पट्टीवर 'नेत्रा' एवढंच नाव.

"काका, बॅगेत चाकू आहे?"

"तसा चाकू नाही म्हणता येणार. अकरा अवजारं आहेत. त्यात चाकू फक्त दोन."

"मग ते दोन काढून ठेवा."

"काढता येत नाहीत. एकत्रच असतात."

"मग सगळाच नाही नेता येणार काका." तिने चाकू हातात घेऊन एकेक अवजार उघडलं. रांगेतले लोक मान उंचावून बघायला लागले. "हे काय आहे?"

"बाटलीचं बूच काढायचं."

"पिता काय काका?"

"छे छे! आयुष्यात नाही."

"मग?"

आतापर्यंत मागच्या रांगेत तीसेक माणसं झाली होती आणि ताकसांडे दारू पितात की नाही यात त्या सगळ्यांना रस निर्माण झाला होता. नेत्राने चाकू मिटून, अगदी जपून, त्यांच्या तळहातावर ठेवला. "मस्त आहे काका. झकास. पण घरी ठेवून या."

घरी ठेवायला ते परत गेले. पण हातातून सुटेना. घरी ठेवायचा तर पंचाहत्तर पैसे रोज. तेजलने सुचवलं की ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कायमचा ठेवा. त्यावर ते म्हणाले, "ड्रॉवरमध्येच ठेवायचा असता तर ड्रॉवरचा चाकू घेतला असता. हा खिशातला चाकू आहे." केळुसकरांनी खास डायरी काढून सल्ला दिला की स्टेशनमास्तरांच्या नावे अर्ज करा, प्रत सोसायटीला द्या. ताकसांड्यांनी अर्ज केला नाही. त्यांनी सोपा मार्ग काढला. चारकोपहून बसने गोरेगाव, पूल ओलांडून पूर्वेला, आणि तिथून आरे कॉलनीतून मरोळला जाणारी दुसरी बस. मेट्रोला पन्नास मिनिटं लागली असती. याला पावणेदोन तास लागत. पंचाहत्तर पैसे वाचवण्यासाठी ते रोज पहाटेच्या साडेपाचला उठू लागले. एवढं करून मरोळला चाकूला काम काही नव्हतं. तिथे पार्सलं उघडायला वेगळा विभाग होता.

महिनाभर हे असं चाललं. आणि मग एका बुधवारी, सकाळी नऊच्या सुमारास, आरेच्या रस्त्यावर बस थांबली.

पुढे एक म्हैस रस्त्यात आडवी उभी होती. शिंगं खाली घातलेली, फुरफुरणारी. तिच्यामागे, रस्त्याच्या कडेला झाडाखाली एक पारडू पडलं होतं. झाडावरून लोंबकळणारी केबलची काळी वायर त्याच्या गळ्याभोवती आणि एका पायाभोवती अडकली होती. पाय ओढला की गळा आवळायचा. साठीचा एक माणूस त्याच्या अंगावर जवळजवळ झोपून त्याला हलू देत नव्हता. त्याचा विळा बाजूला पडला होता.

"महादू, काप ना लवकर!" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. रोजच्या रस्त्यावरचा माणूस, ओळखीचा असावा.

"कापू कसा? वायर रुतलीय. विळा आत जाईत नाय, गळाच कापेल!" महादूचा आवाज फाटला होता. "बारका चाकू हाय का कोनाकडं? बारका!"

कंडक्टर मागे वळला. "ओ, चाकू आहे का कोणाकडे?"

बसमध्ये वीसबावीस माणसं होती. ताकसांडे खिडकीशी बसले होते आणि त्यांचा हात खिशावर होता. पुढे त्यांनी स्वतःच घरी कबूल केलं की त्यांच्या मनात आधी वायरच आली. अशा वायरीच्या आत पोलादी गाभा असतो, हे त्यांना माहीत होतं. जुन्या चाकूने त्यांनी घरची केबल सोलली होती. पातं खलास होणार. एक जण म्हणाला, "अरे, कोणी चाकू घेऊन फिरतं काय आजकाल?" दुसऱ्याने मोबाइल काढून चित्रीकरण सुरू केलं. पारडाच्या घशातून एक आवाज आला. रडण्यासारखा नव्हता, घोरण्यासारखा होता.

"आहे," ताकसांडे म्हणाले आणि उठले.

म्हशीला वळसा कसा घातला, ते त्यांना आठवत नाही. चिखलात गुडघे टेकले तेव्हा घाईत त्यांनी आधी बूच काढायचा स्क्रू उघडला. मग करवत. मग छोटं पातं सापडलं. महादूने दोन बोटांनी कातडी दाबून धरली आणि ताकसांड्यांनी पात्याचं टोक वायरीखाली सरकवलं. बरोबर तेवढीच जागा होती. वरचं प्लॅस्टिक लोण्यासारखं कापलं गेलं. आतला गाभा कापेना. ताकसांड्यांनी वायर दुमडली, करकचून दाबली, पातं मागेपुढे केलं. कर्रर्र असा आवाज आला. तो आवाज त्यांच्या दातांत गेला.

"ओढा साहेब, ओढा, हां!"

पहिला वेढा सुटला. पारडाने मोठा श्वास घेतला आणि लगेच लाथ मारली. ती ताकसांड्यांच्या मांडीवर बसली. मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते. म्हैस बाजूला झाली तसा ड्रायव्हर ओरडला, "साहेब, चढा, निघायला पाहिजे!" पण पायाचा वेढा अजून बाकी होता. ताकसांड्यांनी मान वर न करता हाताने 'जा' अशी खूण केली. बस गेली. चित्रीकरण करणारा माणूसही तिच्यातच गेला, त्यामुळे पुढचा भाग कुणाकडेच नाही.

दुसरा वेढा सुटल्यावर पारडू लटपटत उठलं आणि आईकडे गेलं. आईने त्याला चाटलं. मग ताकसांड्यांकडे असं बघितलं, जणू वायर यांनीच बांधली होती.

रस्त्यालगतच्या आपल्या तबेल्याच्या दाराशी महादूने त्यांना पाण्याची बादली दिली, बसायला पाट दिला आणि चहा मागवला. ताकसांड्यांनी ऑफिसला फोन लावला.

"मॅडम, आज उशीर होईल. पारडू अडकलं होतं."

"कोण पारडू?"

"म्हशीचं मॅडम. वायरीत. चाकूने सोडवलं."

"त्याच चाकूने? फळांच्या?"

"त्याच."

"जिवंत आहे?"

"आहे. दूध पितंय."

"हाफ डे टाकते," गार्गी मॅडम म्हणाल्या. मग फोन ठेवता ठेवता, "ताकसांडे, उद्या सगळं नीट सांगा ना."

चहा येईपर्यंत महादूने चाकू धुतला. दोन्ही पाती उन्हात धरून बघितली आणि छोट्या पात्यावरून बोटाचं पेर फिरवलं. "हितं खाच पडलीय. आणि ह्या मोठ्याला धार नीट बसलेलीच नाय. वापरलाच नाय वाटतं. पाच मिनटं बसा, दोनी लावून देतो." त्याने कोपऱ्यातला कुरुंदाचा दगड ओढला, पाणी शिंपडलं आणि छोटं पातं त्यावर आडवं टेकवलं. हात सरावाचा होता. दोनतीनदा सर्र सर्र असा आवाज झाला.

"कितीला घेतला साहेब?"

ताकसांडे हा प्रश्न आजवर बऱ्याच जणांना चुकवत आले होते. केळुसकरांना 'आहे थोडा महाग' म्हणाले होते, ऑफिसात 'एका मित्राने पाठवला' म्हणाले होते. इथे खोटं बोलावंसं वाटलं नाही.

"सात हजार चारशे."

महादूचा हात थांबला. त्याने पातं शर्टाला पुसलं, हळूच मिटलं आणि चाकू दोन्ही हातांनी ताकसांड्यांसमोर धरला.

"नको साहेब. माझ्या हातून काय झालं तर मी कुठून भरू?"

"अहो, काही होत नाही त्याला."

"नाय साहेब. तुमीच लावा. मी सांगतो."

तो दोन हात लांब जाऊन उकिडवा बसला आणि चुकून धक्का लागू नये म्हणून हात मागे बांधून घेतले. ताकसांड्यांचा नाइलाज झाला. त्यांनी बाह्या सरकवल्या आणि दगडासमोर मांडी घातली.

"उभा नाय, आडवा धरा. आणखी आडवा. दाबू नका. पानी घ्या."

पहिल्या फटक्याला पातं दगडावर सरकलं आणि आरशासारख्या चकचकीत पोलादावर, बनवणाऱ्याच्या शिक्क्यातून आरपार, एक लांब ओरखडा उमटला. ताकसांड्यांनी चाकू वर उचलून त्याच्याकडे बघितलं. महादू लांब म्हशींकडे बघायला लागला. दुसऱ्याच्या घरात भांडं फुटलं की पाहुणे बघतात तसा. ताकसांड्यांनी पाणी घेतलं आणि परत पातं टेकवलं. दुसरा ओरखडा पहिल्याला छेदून गेला. तिसरा. पाचव्यासहाव्यानंतर ते बघायचं थांबले. हळूहळू दगडाचा आवाज बदलला, खरखर जाऊन एक गुळगुळीत सर्रर्र यायला लागलं, आणि महादू हात तसेच मागे ठेवून म्हणाला, "आत्ता बसली."

ताकसांड्यांनी पातं मनगटावरून हलकेच फिरवलं. केस साफ झाले.

रस्त्यावर मरोळची पुढची बस आली आणि तबेल्यासमोर हळू झाली. ताकसांड्यांनी ओल्या हाताने तिला जायला सांगितलं. मोठं पातं अजून राहिलं होतं.